दूध बघ आधी

ओदोकिया सुरी देते, बोटभर पात्याची,
मुठीला सुतळी गुंडाळलेली.
म्हणते, टोपीवर जाऊ नकोस.
टोप्या काय, कुणीही घालतं.

स्प्रूसच्या बुंध्याशी आम्ही गुडघ्यांवर.
शेवाळ गार. तिचं वय एकोणऐंशी
आणि वाकण्यात माझ्याहून तरबेज.

मी खारकिव्हच्या बँकेत कॅशियर होते, सतरा वर्षं.
खोटी नोट आधी बोटांना कळायची,
डोळ्यांना मागाहून.
हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
"मग शिकशील." एवढंच.

आधी रंग. तांबूस,
पण विटेचा नव्हे, गंजाचाही नव्हे;
भोपळा चिरून दोन दिवस ठेवला
की गराला जो येतो, तो.
टोपीवर वर्तुळात वर्तुळ,
ओला कप टेबलावर पुन्हा पुन्हा ठेवावा तशी.
मध्ये खळगा. त्यात झाडाची एक सुई
आणि काल रात्रीचं घोटभर पाणी.

मी उजेडाला धरून बघते. सवय.
"नोट नाही ती," ओदोकिया म्हणते. "काप."

कापलं.
खालची पाती पाझरली, गाजराच्या रसाचे थेंब
सुरीवर, अंगठ्यावर, नखाच्या कडेला.
"हे रिझिक."

मग ॲप्रनच्या खिशातून ती दुसरं काढते,
बर्चखालून मुद्दाम आणलेलं:
गुलाबी, कडेला लोकर,
तान्ह्याच्या टोपड्याइतकं गोजिरं.
कापलं तर दूध पांढरंशुभ्र.
"असं दिसलं की सुरी पूस आणि चालू लाग.
माझी धाकटी जाऊ हाफिया, न कापताच टोपली भरून आली.
तीन दिवस सगळं घर
आळीपाळीनं परसाकडे पळत होतं."

दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात.
इथे ताक नाही.
इथे दूधच साक्षीला उभं.

"देठ मोड." खडूसारखा मोडला, आत पोकळ.
"आता थांब."
किती?
"म्हातारीनं चार शिव्या घालाव्यात, इतकं."

चार शिव्यांनी काही झालं नाही. आम्ही बसून राहिलो.
मग कापल्या जागी हिरवं चढू लागलं,
तांब्याच्या जुन्या नाण्यावर चढतं तसं.
बँकेत असलं काही आलं तर मी खिडकीतूनच परत केलं असतं.
इथे जखम हिरवी पडली
की माल खरा.

तेव्हा तिनं विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.
"तुमच्याकडे उगवतात?"

उगवतात. पाइनखाली, वाळूत.
बाबा सायकलला दुधाचा डबा बांधून जायचे,
परतताना डबा चढावर ढकलत.
यंदा कुणी गेलं नाही.
झाडांना लाल पाट्या ठोकल्यात, कवटीच्या.
सुरुंग शोधणारे येतील, म्हणतात, क्रमानं;
आधी शेतं, मग रस्ते, रान शेवटी.
तिथे आता वाकायचं नसतं.
अळंब्या येत असतील, पिकत, किडत,
वर्तुळावर वर्तुळ,
कुणी न मोजलेली रोकड.

हे सगळं मी बोलले की नाही, आठवत नाही.
ती टोपली उचलून पुढे निघाली होती.

रात्री चुलीच्या तापल्या पत्र्यावर
टोप्या उताण्या, प्रत्येकीत चिमूट मीठ.
रस सुटला, चुरचुरला, नारिंगी झाला.
ओदोकियानं पहिली मला दिली,
पत्र्यावरून थेट तळहातावर, आणि बजावलं,
"सकाळी घाबरू नकोस. लघवी तांबडी होते कुणाकुणाची.
विष नाही ते. पावती आहे."

झाली.
अंगणात जाऊन मी तिला सांगितलं.
ती कोंबड्यांना दाणे टाकत होती, वळलीसुद्धा नाही.
"बरं," म्हणाली,
"सुरी ठेव तुझ्याकडेच."