लांडग्याची दाढी

साडेतीनच्या एसटीने देवगडहून कणकवलीला गेलो,
शेजारी दुकानातला रूपेश, त्याच्या मांडीवर पॉपकॉर्न,
आणि पडद्यावर तोच जुना लांडगा-माणूस
नव्याने शिवलेला.

विचारलंत म्हणून सांगतो.
मत न्हाव्याचं आहे, केसांपासून सुरू होतं.

नव्यातले केस कॉम्प्युटरचे.
वाऱ्यावर हलतात, पण भोवरा कुठेच नाही.
माणसाच्या हनुवटीखाली, डाव्या बाजूला
केस उलटे फिरतात,
वस्तरा तिथे क्षणभर थांबून विचारतो.
ह्यांच्या लांडग्याला विचारण्यासारखं काही नाही,
कपाळापासून पंज्यापर्यंत एकाच दिशेने
दोरी धरून केलेली लावणी.

जुना पाहिला तो जामसंड्याच्या माळावर,
तंबूत, ओल्या वाळूवर फतकल मारून.
काळा-पांढरा, इंग्रजी, एक अक्षर कळत नव्हतं.
त्याने कॉलर सैल केली,
आरशावर चादर टाकली
आणि रीळ तुटलं.
दिवे लागले, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी तंबूवाल्याची आई काढली.
पुन्हा सुरू झालं तेव्हा तो बाहेर पडलाही होता,
खिडकीचं दार तेवढं हलत होतं.
मधलं मला कुणी दाखवलं नाही.
मधलं मी चाळीस वर्षं स्वतःच करत आलो,
खुर्चीत बसलेल्या चेहऱ्यांवर
साबण फिरवता फिरवता.

नव्यात मधलं सगळं आहे.
हाडं मोडतात वाळका माड पडावा तशी,
जबडा पुढे सरकतो, नखं फुटतात.
घड्याळ पाहिलं: दीड मिनिट.
रूपेश म्हणाला, मामा, भारी ना?
भारीच.
भीती नाही वाटली, दाढ ठणकल्यासारखं झालं.

धुकं मात्र उत्तम, धुक्याला पैकीच्या पैकी.
गोठ्याला बाहेरून कडी घालणारी ती म्हातारी, तीही खरी.
पण चंद्र!
परातीएवढा, दर पाच मिनिटांनी,
जसा काही त्यानेच सिनेमाला पैसे घातलेत.

आमच्याकडे पौर्णिमा म्हणजे सुट्टी.
उजेडात मासळी जाळ्याकडे फिरकत नाही,
बोटी खाडीत दोराला, खलाशी गावात,
दुकान साडेदहापर्यंत उघडं.
लांडगे नाहीत इथे.
कोल्हे आहेत, तेही वर सड्यावर, आणि भित्रे.

तरी जयवंत कोयंडे
पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला यायचा.
डोळे लाल, मनगटावर ओरखडे,
सोबतच्या पोराच्या हातात पेपरमिंट.
म्हणायचा, "रातचा माका काय्येक आठवणा नाय."
मी गरम टॉवेल ठेवायचो,
दोन हात दाढी, तुरटी, पावडर,
मानेमागचे केस झटकायचो.
उठायचा तेव्हा इतका माणूस झालेला असायचा
की रस्त्यावरचे त्याला हात करत.
समोरच्या नळावर त्याची बायको,
पदर गालावरून ओढलेला,
हंडा भरून सांडला तरी मान वर नाही.
मला ती आरशात दिसायची.
मी सुटे पैसे मोजून घ्यायचो.

नव्यात एक जागा आहे.
जुन्यात नसावी, किंवा रिळाबरोबर गेली असेल.
पहाट. न्हाणीच्या पायरीवर तो उकिडवा,
नखांतले केस टाचणीने काढतोय.
संगीत नाही, चंद्र नाही,
त्याला मारायला कुणी येत नाही.
केस त्याचे की रात्री मेलेल्याचे
तेही कुणी सांगत नाही.
पॉपकॉर्नमधला हात मी काढून घेतला.

परतीच्या गाडीत रूपेशने विचारलं, दहापैकी किती?
नांदगावला साडेपाच म्हटलं,
शिरगाव आलं तेव्हा सहा केले.
मग तो झोपला.

माझ्या अंगठ्याच्या पेरात
दोन दिवस झाले, कुणाचातरी केस रुतलाय.
दिसत नाही,
दाबलं की कळतो.
सुई कुठे ठेवलीय ते आठवायला हवं.