तीस कांड्या

धोटा उडाला तेव्हा मी कांडी भरत होते.
खटक्-खट, खटक्-खटमध्ये
एकदाच
ओलं काहीतरी वाजलं.

सात नंबरच्या मागावरचा म्याकलांचा नागेश
तोंड धरून खाली बसला.
बोटांतून रक्त, पांढऱ्या टॉवेलवर
कुणी न सांगितलेली लाल किनार.
शेठ म्हणाला, आधी टॉवेल बाजूला घ्या.

कुणी हळद आणायला धावलं, कुणी मिश्री.
मी म्हटलं, थांबा.
चक्कर येते का रे? मळमळ?
जबडा उघड. मिट. दातावर दात बसतोय?
त्यानं मान हलवली.
वरच्या ओळीत, मधोमध, खिडकी.
गठ्ठ्यातला कोरा टॉवेल ओढला, घडी केली,
चाव म्हटलं, घट्ट.
शेठनं बघितलं. बघू दे.

दात कुठाय?

हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी मला विचारला होता
आणि तेव्हा दात माझ्याजवळ होता.
अंबादास सहावीत. हापशाचा दांडा लागला.
मी तो दात राखेनं घासला,
देवाच्या भांड्यासारखा लख्ख केला,
रुमालात बांधला. त्या दिवशी पगार होता,
म्हणून दुसऱ्या दिवशी गेले.
डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर विसरले असते.
म्हणाल्या,
मुळावरचं जे घाण समजून काढलंत ना,
तेच जिवंत होतं.

माग बंद करा. सगळे.
बाराच्या बारा एकेक करत गप्प झाले
आणि पहिल्यांदाच ऐकू आलं
की पत्र्यावर कबुतरं असतात.
मोबाईलच्या उजेडात आम्ही पोटावर सरपटलो.
कापसाचा भुगा, तुटके दोरे, विडीची थोटकं.
पोचव्वाला सापडला.
दिसतो त्याहून जास्त आत असतो दात,
केवढं लांब ते मूळ.
डोक्याकडून धर, पोचव्वा. मुळाला बोट नको.
फुंकू नको. पदराला पुसू नको.

जमलं तर लगेच जागेवर बसवा, असंही बाई म्हणाल्या होत्या.
पण त्याचे ओठ थरथरत होते,
माझे हात त्याहून.

महिबूबच्या टपरीवर चहा उकळत होता.
किती कट, रामक्का?
चहा नको. दूध दे. ते नको, ते तापलंय. गार दे.
पिशवी फोड.
त्यानं ग्लासात पाहिलं
आणि साखरेचा डबा लांब सरकवला.

घड्याळ मला कळत नाही असं नाही,
पण घाई मला कांड्यांत कळते.
मिनिटाला एक. तीसच्या आत पोचायचं.
रिक्षात ग्लास पदराखाली, वर बशी,
एप्रिलचं ऊन मांडीवर.
शांती चौकात अकरा झाल्या.
गुरुनानक चौकात लाल दिवा, सतरा, अठरा,
नागेश टॉवेल चावत माझ्याकडे बघतोय.
सात रस्त्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना
सव्वीस.

डॉक्टर हत्तुरे तरुण पोरगी.
दुधात ठेवायला कुणी सांगितलं?
एका बाईंनी, मी म्हटलं. उशिरा.

तिनं दात बसवला, बारीक तारेनं
शेजारच्या दातांना बांधला,
तुटला ताणा आम्ही जोडतो तशी
जीभ दातांत धरून.
धनुर्वाताची सुई दिली. म्हणाली,
टिकेल की नाही आज सांगता येत नाही.
नस काढावी लागेल. दोन आठवडे कडक भाकरी बंद.
नागेश फुटक्या ओठानं,
शेंगाची चटणी?

माझा अर्धा दिवस कापला. टॉवेलचेही.

रात्री जेवताना अंबादासला सांगितलं.
तो हसला. हसताना अजून हात तोंडावर नेतो.
मग बराच वेळ भाकरी कुस्करत बसला.
ग्लास कुणाचा होता?
महिबूबचा.
दिलास परत?

नाही दिला. पिशवीतच आहे,
तळाला दुधाचं वर्तुळ वाळलेलं.