हा साग नव्हे

कीथलीच्या बंद पडलेल्या शाळेतून
रसायनशाळेची टेबलं विकायला निघाली.
फळीला चाळीस पौंड. चिठ्ठीवर लिहिलं होतं : साग.

मी फळी हुंगली.
बल्लारशाच्या डेपोत बाबा ओंडक्यांवर
हातोड्याने नंबर ठोकायचे;
संध्याकाळी त्यांच्या शर्टाला जुन्या चामड्याचा,
किंचित तेलकट वास यायचा.
इथं तो नव्हता. इथं मिरीसारखं काहीतरी,
नाकात चावणारं.
हा साग नव्हे, मी म्हणाले.
ट्रेवर फेदर, सत्तरी उलटलेला सुतार, खूश झाला :
इरोको. पश्चिम आफ्रिकेचा.
सागाच्या नावावर जन्मभर नोकरी केली यानं.

आणि चोख बजावली.
आम्ल सांडलं, बर्नर कलंडले,
पोरांनी कर्कटकाने कोरलं : कॅरन, डॅझ, पुन्हा कॅरन.
खालच्या अंगाला च्युइंगगमची वारुळं.
ना वाकला, ना कुजला, ना किडीनं तोंड लावलं.

रंधा फिरवला तर आतून पिवळा,
ओल्या हळदीसारखा.
भुलू नकोस, ट्रेवर म्हणाला,
उजेड लागला की महिन्याभरात तपकिरी होतो.
रेषा एकीकडे जातात असं वाटतं तोच वळतात;
सुलट धरावं तर उलट.
पातं तिरकं. घास बारीक. आणि मास्क लाव,
याचा भुसा डोळ्यांशी भांडतो.

मग कट्ट.

पात्याला खांडा पडला. खिळा असेल
म्हणून चुंबक फिरवलं. चिकटलं नाही.
आत खडा होता. पांढरट, हरभऱ्याएवढा.
कुणी ठोकलेला नव्हे, झाडानंच घडवलेला :
जखम झाली की तिथल्या रसाचा दगड करायचा,
वर लाकूड चढवायचं,
आणि पुढं वाढत राहायचं.
ट्रेवरनं शिव्या घालत पातं बदललं.
खडा मी तसाच ठेवला.

रात्री बाबांना फोनवर ओटा दाखवला.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी स्क्रीनला जवळजवळ नाकच लावलं.
वर्षं कुठायत याची? वलयं दिसत नाहीत.
त्याच्या जंगलात ऋतू फारसे बदलत नसतील, मी म्हटलं.
बराच वेळ बघत राहिले.
साग नाही, म्हणाले. पण माल चांगला आहे.
नंबर टाक.

टाकलाय.
खालून, च्युइंगगमच्या शेजारी.