मार्चमधली सही

सही तिने मार्चमध्येच केली होती.
कॅटफिशच्या कारखान्यातून सुटून, हात तीनदा धुऊन.
तरी कागदाच्या कडेला बोटांचा वास राहिला असणार.
तो कागद आता क्लिनिकच्या कपाटात,
क्लिनिकला कुलूप, कुलपावर शनिवार,
आणि सोमवारी सुट्टी.

रेनिटा खाटेवर. चौथं बाळंतपण,
पहाटे चार दहा, मुलगी.
पाठीतली भुलीची नळी अजून जागच्या जागी.
ऑपरेशन थिएटर रिकामं, दिवेसुद्धा चालू.
डॉक्टर म्हणते, अर्ध्या तासाचं काम.
मग म्हणते, कागद?

मी फॅक्सपाशी जाऊन उभी राहते,
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तशी.
"मी इथं आहे ना," रेनिटा म्हणते,
"मला विचारा. तोंड आहे मला."
तोंडी चालत नाही, मी सांगते.
माझाच आवाज मला खिडकीवरच्या कारकुनासारखा ऐकू येतो.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिच्या आईची मावशी, व्हर्नेल.
ऐंशीला टेकलेली. संत्रं सोलते आहे, साल न तुटू देता.
एकोणिसाव्या वर्षी पोटात दुखलं म्हणून गेली होती,
डेल्टातल्याच एका दवाखान्यात.
अपेंडिक्स, म्हणाले.
लग्नानंतर सात वर्षं ती पाळण्याचं लाकूड बघत राहिली,
मग एका नव्या डॉक्टरने टाका पाहिला
आणि नजर खाली केली.
तिला कुणी कागद दिला नव्हता.
तिच्यासारख्यांसाठीच नंतर हा कागद निघाला:
सही करा, तीस दिवस थांबा, नीट विचार करा.

"केला की विचार," रेनिटा म्हणते,
"मासे सोलताना दुसरं काय करते मी?"

व्हर्नेल काही बोलत नाही.
संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवते,
एक माझ्या.

नऊ वाजता नळी काढली.
सहा आठवड्यांनी या, असं छापील लिहून दिलं.
सत्तेचाळीस मैल, पाळीत खाडा,
गाडीचा गिअर अडकतो.
आली नाही.

पुढच्या वर्षी जुलैत तीच खाट.
या वेळी कागद तिने स्वतःच आणला आहे,
माशांच्या फ्रीझर पिशवीत, चार घड्या घालून, छातीशी.
"घ्या," म्हणते, दोन कळांच्या मध्ये.
एकशेऐंशी दिवसांनी सही शिळी होते,
हे तिला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे.
मी घडी उलगडते,
तारीख शोधते,
आणि बोटांवर महिने मोजायला लागते.