बरखेडीचं रजिस्टर

बरखेडीच्या मंडळीचं रजिस्टर
आता माझ्याकडे आहे, इंदूरला, स्नेहलतागंजात,
गॅसच्या पुस्तकाखाली.
पहिलं पान उंदरांनी नेलं,
म्हणून आमचा इतिहास सुरू होतो सातव्या नावापासून:
गेंदी. वय अंदाजे पाच.
आईबाप: छप्पन्या काळात.
एवढंच. काळी शाई तांबूस झालेली.

लिहिणारे माझे आजोबा, शांतवन उजागरे,
नगरकडून आलेले. मराठीत लिहिलं
कारण दुसरं काही येत नव्हतं.
पोरं माळवी बोलत,
आणि श्रॉकसाहेब (गावाच्या तोंडी सराकसाहेब)
कुठल्या भाषेत रडत ते कुणालाच कळत नसे.
गाव माळवी, प्रार्थना मराठी.
"इनका भगवान दक्खणी है," म्हशींमागची पोरं म्हणत,
आणि दारात उभी राहून गाणं ऐकत.

देवळाला घंटा नव्हती. पेटी नको, तबला नको,
नुसते गळे, चार पट्ट्यांत:
बायका वर, बाप्ये खाली,
मधे फत्तूचा आवाज, फाटक्या गोणीसारखा,
ज्यातून सगळ्यांचं थोडंथोडं सांडे.

आणि दोन गोष्टी करायच्या नाहीत.
शस्त्र धरायचं नाही. शपथ घ्यायची नाही.

महूची छावणी बारा मैलांवर.
वारा तिकडचा असला की चांदमारी ऐकू यायची
उपदेशाच्या ऐन मध्यावर.
सन बेचाळीस, ऑगस्ट, आजोबांचं अक्षर:
"पलटणीला बटाटे विकावे काय? चर्चा अपूर्ण."
पुढच्या रविवारी: "चर्चा अपूर्ण."
त्यापुढच्या: "बटाटे विकले."

त्याच पानावर, खाली,
गेंदीचा एलिशा. लष्करात ट्रकवर ड्रायव्हर.
नावावर एक आडवी रेघ,
पट्टी धरून मारलेली, जराही न थरथरलेली.
मी ती रेघ बोटानं चाचपून पाहिली आहे.
मागच्या बाजूनं उठलेली लागते.

सेहेचाळीसला तो ब्रह्मदेशातून परतला.
गुरुवारी, प्रभुभोजनाआधी,
सगळे जोडीजोडीनं बसले पाय धुवायला.
एलिशा भिंतीशी, एकटा, बूट न काढता.
परात फिरत फिरत त्याच्यापाशी आली आणि थांबली.
मग म्हणे आजोबा उठले, सत्तरी ओलांडलेले,
गुडघे वाजवत खाली बसले,
आणि बुटाची नाडी सुटेना म्हणून दातांनी सोडवली.
रजिस्टरात नोंद:
"एलिशा. पाय धुतले. आठ बोटं."
रेघ तशीच आहे. ती खोडायची कशी,
हे बहुतेक कुणाला ठाऊक नव्हतं.

नंतरची पानं कोरडी आहेत.
लग्नं, देवास, भिलाई, बदली.
एकसष्टला जमिनीचा दावा. शपथ घेईनात
म्हणून वकील म्हणाला, नुसती प्रतिज्ञा चालते.
प्रतिज्ञा म्हणजे शपथच का,
यावर मंडळी चार महिने बसली.
तारीख निघून गेली.
सहा बिघ्यांवर आता लसणाचं गोदाम आहे;
वास देवळात येतो, वाईट नाही.

मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढली.
देवाबद्दल माझं फारसं ठरलेलं नाही.
पण यंदा गुरुवारी बेटम्याची बस धरली,
पुढे दोन मैल टेम्पोनं.
आत चार माणसं. त्यांतला एक गोदामाचा चौकीदार,
ऊन लागतं म्हणून आत आलेला.
गाणं म्हटलं. चार पट्ट्यांपैकी दीड उरली होती.

सालोमीबाईंनी माझ्यापुढे परात सरकवली.
एलिशाची मुलगी. हातांना चुन्याचा वास.
मी म्हटलं, राहू द्या, तुमची कंबर.
"तुझ्या आजानं विचारलं होतं का?"
पाणी गार होतं. माझ्या टाचा, शहरातल्या असून,
इतक्या भेगाळल्यात हे मला माहीत नव्हतं.
त्या एकेक बोट चोळत होत्या,
ओठ हलत होते; मला वाटलं प्रार्थना.
मग मान वर न करता म्हणाल्या,
"दहा. लिही."

मी पेन घरी विसरले होते.