चौथा रविवार

नाटक कंपनीत तेवीस हंगाम मी प्रॉम्प्टर होतो.
विंगेत स्टूल, मांडीवर वही,
नटाची जीभ अडली की ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द.
झाडीपट्टीतलं एक गाव सोडलं नाही, अन् वडसाही सुटलं नाही.
आता रग्बी क्लबच्या पगारपत्रकावर माझं नाव आहे,
शेवटून दुसरं,
मैदानाला पाणी मारणाऱ्या हिरामणच्या वर.
काम : नवे सभासद आणि त्यांच्या घरची माणसं.

पहिल्या रविवारी सगळेच येतात.
चेंडू हातात घेऊन फिरवून बघतात,
"हा तं कच्च्या पपईवाणी हाये जी."
दुसऱ्या रविवारी आया पदर चावतात,
पोट्ट्याच्या अंगावर पोट्टे, अन् शिट्टीवाला शांत.
तिसऱ्या रविवारी मामाकडे लग्न निघतं.
चौथ्या रविवारी माझ्या वहीत रेघ.

मॅनेजर साहेब म्हणाले, टी-शर्ट वाटा. वाटले.
त्यातले सात मी मोजलेत, धानाच्या बांध्यांत,
बुजगावण्यांच्या अंगावर.
छातीवर आमचं चिन्ह, रानडुकरं भीत असतील नसतील.
साहेब म्हणाले, मेसेज पाठवा. पाठवले.
दोन निळ्या खुणा. पुढं काही नाही.

टिकेश नैतामच्या नावापुढं चार रेघा झाल्या
तेव्हा सायकल काढली.
राईस मिलच्या मागची वस्ती, नळावर भांड्यांची रांग.
पोट्टा अंगणातच होता.
पोत्याच्या तुकड्यात भुसा भरून, सुतळीनं शिवून
केलेला चेंडू बहिणीकडं फेकत होता,
अन् ती चुकली की ओरडत होता,
"मांगं! मांगंच द्याचा असते, समोर नाई!"

म्हणजे पोट्टा सुटला नव्हता.

मी बापाकडं पाहिलं.
शालिक नैताम, मिलमध्ये हमाल,
भुवयांत कोंडा बसलेला.
"काऊन नाई येत जी?"
तो बराच वेळ चप्पल शोधत राहिला,
चप्पल पायातच होती.
मग म्हणाला,
"तीन आयतवार मोहाच्या झाडाखाली उभा होतो.
खुर्च्या होत्या. मले वाटलं, कोनाच्या तरी असतीन.
कोनी बसा म्हटलं नाई."

तेवीस हंगाम मी राजांना, खलनायकांना,
मरता मरता विसरणाऱ्या बापांना शब्द दिले.
अन् वही उघडी ठेवून, त्याच मैदानात, तीन रविवार,
दोन शब्द माझ्याच तोंडून निघाले नाहीत.

त्याला मी टी-शर्ट दिला नाही. पोती मागितली.
पुढच्या रविवारी तो टेम्पोतून नऊ पोती घेऊन आला,
भुसा ठासून भरलेली, तोंडं शिवलेली,
आमच्या पगारी पोरांनी धडका मारायला.
यशोधरा मेश्राम, मुलींच्या संघाची कप्तान,
तिनं एक उचलायला घेतलं तर मान अवघडली.
"असं नाई बाई," म्हणत तो खाली बसला,
पाठ सरळ, गुडघ्यातून उठला,
पोतं खांद्यावर असं आलं जसं तिथलंच होतं.
"काका, परत एकदा."
मग दोन्ही संघ रांगेत. साहेबांनी मोबाईल काढला.
टिकेश लांबून बघत होता, बघत नसल्यासारखा.

सगळेच टिकले असं नाही.
जनबंधूंची पोरगी दात पडल्यावर आली नाही,
तिच्या आईला मी काय सांगणार होतो?
सहारेंचा मुलगा कबड्डीत रमला. रमू द्या.
वहीत रेघा आहेतच.

काल नवीन एक बाई आली,
लेकीची पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून
मोहाच्या झाडाखाली उभी राहिली.
मी उठलो. तोंड उघडलं.
पण शालिक आधीच निघाला होता,
एका हातानं खुर्ची ओढत, गवतात दोन रेघा पाडत.
दुपट्ट्यानं तिच्यावरचा भुसा झटकला,
अन् माझ्याकडं न बघता म्हणाला,
"बसा ना जी."

नटाला आपसूक वाक्य आठवलं
की प्रॉम्प्टरला काही काम उरत नाही.
मी पान उलटलं.