तीन रिव्हेट

बोहरी आळीत मुर्तझाभाईंच्या दुकानात
मी कढई उलटी करून बघते,
मग नखानं वाजवते.
आवाज लगेच विझला तर पत्रा पातळ,
जरा रेंगाळला तर घ्यायला हरकत नाही.
हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं.
सत्तेचाळिसाव्या वर्षी दुकानं हिंडून शिकले.

"किती माणसं?" ते विचारतात.
एक.
ते वर बघत नाहीत. फडक्यानं कढईचा कान पुसतात.
"वेल्डिंग सुटतं ताई, रिव्हेट सुटत नाही.
तीनवाली घ्या.
दोनवालीचा कान पाच-सात वर्षांत हलायला लागतो."
मी मोजते. एक, दोन, तीन.
काळे, ओबडधोबड, हातोडीनं चेचलेले.

एकवीस वर्षांच्या संसारात
चार मिक्सर झाले, पाच इस्त्र्या,
तवे किती ते मोजलेच नाहीत,
पहिल्या दिवाळीला काळेभोर, तिसऱ्या दिवाळीला कोड फुटल्यासारखे.
काही बिघडलं की श्रीरंग म्हणायचा,
टाकून दे, नवीन घेऊ.
चिडून नाही, अगदी मायेनं म्हणायचा.
ते फक्त वस्तूंबद्दल आहे
असं मी समजत होते.

वाटण्यांच्या वेळी आहेराची भांडी मी सोडून दिली.
प्रत्येकावर कुणाचं तरी 'सप्रेम भेट',
आणि ताटं अशी
की वरण वाढलं तरी वाकावीत.

आता एकेक घेते, पगार होईल तशी.
इस्त्री घेतली ती नारायण पेठेतल्या
दुरुस्तीवाल्या गुजर काकांना विचारून.
"स्क्रूवाली घ्या," ते म्हणाले, "चिकटवलेली नको.
तुमची उघडेल, आमचं पोट भरेल."
बादली जस्ताची, भरली की खांदा उतरतो.
लाकडी दांड्याची छत्री घेतली होती, सातशे रुपये,
नीट निगा ठेवली तर जन्मभर, असं दुकानदार म्हणाला.
आठव्या दिवशी रिक्षात राहिली.
विसरभोळेपणाला गॅरंटी नसते.

कढई पिशवीत, आणि मी तुळशीबागेत.
पितळी डबा घ्यायचा होता पिठाचा.
झाकण घट्ट बसतं का, हे चार डब्यांवर बघितलं,
पाचवा घेतला. दुकानातली मुलगी कंटाळून
मोबाईल बघत बसली होती, तिचा दोष नाही.

बाहेर नाव घालणारा बसतो,
त्याचं यंत्र दाताच्या डॉक्टरसारखं घरघरतं.
"काय घालू?"
मी आडनाव सांगणार होते. कोणतं, ते ठरेना.
"मृणालिनी," म्हटलं. "एवढंच."
"तारीख?"
नको.
"मधोमध घेतो, शोभून दिसेल."
"नाही, वर घ्या. अगदी काठाजवळ, बारीक.
खाली जागा सोडा."
त्यानं यंत्र थांबवलं.
"खाली कुणाचं येणार?"
"माहीत नाही. येईल कुणाचं तरी."
"किती नावांची सोडू?"
पुण्यात इतका नेमका प्रश्न
मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता.
मी डब्याकडे बघितलं, त्याच्या जाडीकडे.
"तीन-चार बसतील?"
"बसतील की," तो म्हणाला, आणि वाकला.

स्वारगेटहून धायरीची बस.
कंडक्टरनं पिशवी पायानं ढकलून बघितली,
हलली नाही. काही बोलला नाही.
डबा मांडीवर.
अंगठा फिरवला की
काठाजवळ खरखरीत लागतं, तिथे मी.
त्याच्याखाली सगळं गुळगुळीत, गार.
वडगाव येईपर्यंत
मी तिथेच अंगठा ठेवला होता.